कॉकाटिएल तिसऱ्यांदा अंड्यांवर आलीये आणि चावतेय, काय करू? (हार्मोनल पक्ष्यांबद्दल धागा)

कुल्फीची_आई, पुणे | ९ जून, रात्री ११:४०

नमस्कार, पोस्ट मोठी होणार आहे पण कुणाला विचारावं तेच कळत नाहीये म्हणून सगळं लिहिते. आमच्याकडे कुल्फी आहे, ल्युटिनो (पिवळट-पांढरी) कॉकाटिएल, म्हणजे तुरा असलेला छोटा पोपट, अडीच वर्षांची. दुकानात नर म्हणून दिली होती, एप्रिलमध्ये सोफ्याखाली अंडं सापडलं तेव्हा कळलं की मादी आहे. एकटीच आहे, दुसरा पक्षी घरात नाही. एप्रिलमध्ये एक दिवसाआड करत ५ अंडी घातली, आम्ही काढून टाकली कारण त्यातून पिल्लू तर निघणार नाही मग ठेवून काय करायचं असं वाटलं. मे मध्ये परत ४, तीही काढली. आणि आता परवापासून परत तेच सुरू, शेपूट वर करून वाकून बसते आणि बारीक आवाजात चिवचिव चिवचिव करत राहते, सोफ्याखाली नाहीतर टीव्ही युनिटच्या मागे शिरते, तिथून काढायला गेलं की साप फुत्कारतो तशी फुत्कारते. काल माझ्या लेकीच्या बोटाला चावली, रक्त आलं. लेक ९ वर्षांची आहे, ती रडली ते बोट दुखलं म्हणून नाही, कुल्फीला मी आता आवडत नाही म्हणून रडली.

शेजारचे म्हणतात जोडीदार आणा नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. देऊन टाकायचा प्रश्नच नाही. पण ही अशी का झाली? आमचं काही चुकतंय का? प्लीज सांगा.

पियू_ठाणे | १० जून, सकाळी ७:१५

अगं सेम! फक्त आमच्याकडे ग्रीन चीक कॉन्यूर (छोट्या पोपटाचीच एक जात) आहे, बंटी, दोन वर्षांचा होत आलाय. फेब्रुवारीपर्यंत नवऱ्याच्या खिशात झोपायचा आणि आता नवरा खोलीत आला की उडत जाऊन कानाला चावतो. माझ्यावर मात्र मान वरखाली करून खाल्लेले दाणे बाहेर काढतो, आधी मला वाटलं पोट बिघडलंय. मी पण ह्या धाग्यावर बसून आहे, कुणीतरी जाणकार या.

रानपाखरू, नाशिक | १० जून, दुपारी २:०५

कुल्फीची आई, पहिली गोष्ट, ती बिघडलेली नाही आणि लेकीला सांग की तिचा रागही केलेला नाहीये. विणीचा हंगाम आलाय एवढंच तिच्या शरीराला कळतंय आणि ती घरटं राखतेय. माझ्याकडे १४ वर्षं कॉकाटिएल आहेत, त्यातली एक मी अंडं अडकून गमावली आहे म्हणून हा विषय दिसला की मी लिहितेच. त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

सल्ला देण्याआधी मला तुमच्या घराचा दिवस कळायला हवा. पिंजरा कुठे असतो, हॉलचा लाइट किती वाजता बंद होतो, खायला काय काय देता (वरणभात, चपाती, अंडं सगळं सांग), तिला कोण कुठे कुरवाळतं, आणि पिंजऱ्यात आरसा, मऊ झोपडी, डबा असलं काही आहे का. लपवू नकोस, इथे कुणी ओरडणार नाही.

आणि ह्या वेळी अंडं घातलं तर काढू नकोस. कारण नंतर लिहिते, आत्ता एवढं लक्षात ठेव.

पियू, ओकणं आणि भरवणं ह्यात फरक असतो. मान वरखाली करत, तुझ्याकडे बघत, दाणे चोचीत आणून देतोय म्हणजे तो तुला जोडीदार समजून भरवतोय. तेच जर डोकं झटकत इकडेतिकडे उडवत असेल, तोंडाभोवतीची पिसं चिकट झाली असतील, मलूल असेल तर ती उलटी, मग थेट डॉक्टर.

कुल्फीची_आई | १० जून, रात्री ९:३०

सगळं खरं लिहिते. पिंजरा हॉलमध्ये आहे. आम्ही दोघं उशिरा येतो, जेवणं साडेदहाला, टीव्ही साडेबारापर्यंत चालतो, सकाळी साडेसहाला लेकीच्या शाळेसाठी परत लाइट. खायला कांगणी आणि सूर्यफुलाच्या बिया, वाटीत दिवसभर असतातच. दुकानदाराने एगफूड (अंड्याचं तयार खाद्य) सांगितलेलं ते रोज एक चमचा, शिवाय मोड आलेले मूग. आमच्याबरोबर ताटातला गरम गरम वरणभात खाते, तो तिचा जीव की प्राण. पिंजऱ्यात कापडी तंबू आहे, ऑनलाइन घेतलेला, आणि आरसा आहे. सासूबाई संध्याकाळी सिरियल बघताना तिला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवत असतात तासभर तरी, ती डोळे मिटून पडून राहते.

लिहिताना मलाच वाईट वाटलं, दिवसाला सहा तास झोप मिळतेय तिला.

रानपाखरू, नाशिक | ११ जून, सकाळी ६:५०

वाईट वाटून घेऊ नकोस, ऐंशी टक्के घरांत हाच दिवस असतो. आता तू जे लिहिलंस तेच मी तिच्या नजरेतून परत सांगते.

पक्ष्याचं शरीर अंडी कधी घालायची हे ठरवतं ते उजेडावरून, खाण्यावरून, जागेवरून आणि जोडीदारावरून. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि सगळ्यात छोटा साधारण अकराचा. तुमच्या हॉलमध्ये रोज अठरा तासांचा दिवस आहे, बारा महिने. म्हणजे तिच्या शरीराला वाटतं की उन्हाळा संपतच नाहीये. त्यात कॉकाटिएल मूळची ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातली, तिथे हे पक्षी कॅलेंडर बघून वीण करत नाहीत, पाऊस पडला, गवताला बी धरलं की लगेच बसतात. यंदा आपल्याकडे मे मध्येच पाऊस सुरू झाला, हवा बदलली, आणि वाटीत एगफूड, मोड आलेले मूग, सूर्यफूल, गरम मऊ भात. हे कुठलं खाणं माहितीये का? ब्रीडर लोक जोड्या बसवायच्या असतात तेव्हा मुद्दाम हेच देतात. दुकानदाराने खोटं सांगितलं नाही, पण तो त्याच्या कामाचा खुराक तुला सांगून गेला.

मग जागा. पोपटाच्या जातीतले बहुतेक पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. सोफ्याखालचा अंधार, टीव्ही युनिटची मागची फट, कपाटाचा उघडा कप्पा, पिंजऱ्यातला तंबू, ह्या सगळ्या तिच्या लेखी ढोल्या. आणि सासूबाईंचा हात. त्या मायेनेच करतात हे मला माहितीये, पण पक्ष्यांमध्ये पाठीवर, पंखाखाली, शेपटीजवळ स्पर्श फक्त जोडीदार करतो. डोकं, गाल, मान एवढंच आपलं. त्याच्या खाली हात गेला की आपण नकळत तिला वेगळंच काही सांगत असतो.

अंडी का काढायची नाहीत ते आता. गावाकडे कोंबडीची अंडी रोज उचलतात म्हणूनच ती घालत राहते ना? ठरलेला आकडा पूर्ण झाला असं तिला वाटतच नाही. कॉकाटिएलचं तेच. तू दोनदा काढलीस, तिने दोनदा भरपाई केली. प्रत्येक अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं, आणि तीन महिन्यांत तिसरी खेप म्हणजे आता हाडं रिकामी व्हायला लागली असतील. मला चावण्यापेक्षा ह्याची जास्त काळजी आहे.

तर आजपासून: पिंजरा आतल्या खोलीत, संध्याकाळी सात ते सकाळी सात अंधार आणि शांतता. तंबू आजच काढून टाक, तसाही तो धोक्याचाच, पक्षी त्याचे धागे खातात आणि पोटात गोळा होतो. आरसा पण काढ. सोफ्याखाली पुठ्ठा लावून बंद, टीव्ही युनिटमागे पण. एगफूड बंद, मोड बंद, ताटातलं गरम बंद. सूर्यफूल फक्त हातातून बक्षीस म्हणून दोन-चार दाणे. पण उपाशी ठेवायचं नाही आणि अंडी सुरू असताना एकदम खाणंही बदलायचं नाही, हे हळूहळू. समुद्रफेन लाव पिंजऱ्याला, शेवग्याचा पाला, मेथी, लाल भोपळा, गाजर किसून. सकाळचं कोवळं ऊन बाल्कनीत पिंजऱ्यासकट वीस मिनिटं, कारण काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण गाळले जातात आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. समोर बसून राहायचं, घारी-कावळे असतात, आणि अर्धा पिंजरा सावलीत असू दे.

आणि पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांना ह्या आठवड्यात दाखव. किचनमधला डिजिटल काटा असेल तर रोज सकाळी वजन करून लिहून ठेव.

डोंबिवलीकर_आजोबा | ११ जून, सकाळी १०:२०

रानपाखरू यांनी छान लिहिलंय, एकाच गोष्टीत माझा अनुभव वेगळा आहे. पूर्ण काळोख कॉकाटिएलला झेपत नाही. रात्री गाडीचा हॉर्न वाजला, पाल सळसळली, की दचकून पिंजऱ्यात फडफडतात आणि पंख रक्तबंबाळ करून घेतात, आमच्या एकाने डोळ्याजवळ लागून घेतलं होतं. आम्ही जुनी सुती साडी तीन बाजूंनी टाकतो, एक बाजू उघडी आणि पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब लांबून. जाड चादर नको, आपल्याकडच्या दमट हवेत आत कोंडतं.

दुसरं, जोडीदार आणा हे सगळेच सांगतात. मी आणला होता. आधीचीला तो आवडलाच नाही, तिने त्याच्या पायाचा चावा घेतला, शेवटी दोन पिंजरे दोन खोल्या झाल्या आणि आमचा वेळ पण अर्धा अर्धा झाला. आणि समजा जमलंच, तर अंडी थांबत नाहीत, उलट फलित होतात. सोबत हवी म्हणून दुसरा पक्षी आणणं वेगळं. पण आधीच कमजोर झालेल्या मादीला नर आणून देऊ नका.

रानपाखरू, नाशिक | ११ जून, सकाळी ११:०२

आजोबा बरोबर आहे, झिरोच्या बल्बचं मी लिहायला हवं होतं. कॉकाटिएल असेल तर अंधुक प्रकाश ठेवाच.

सातारकर_७ | ११ जून, रात्री ८:४५

आमच्या आजीकडे राघू आहे, गळ्याभोवती लाल-काळी पट्टी असलेला, आठ वर्षं झाली. दरवर्षी थंडी संपता संपता दोन-तीन महिने कुणालाच जवळ येऊ देत नाही, आजीलाही चावतो, नंतर आपोआप नीट होतो. हे पण हार्मोन्सच का? आणि ह्यावर काही औषध?

रानपाखरू, नाशिक | ११ जून, रात्री ९:३०

हो, आपल्या रानातल्या पोपटांची वीण त्याच सुमाराला असते, जुन्या वाड्यांच्या भिंतीतल्या भोकांपाशी, ढोल्यांपाशी जोड्या भांडताना दिसतात बघ. तुमचा राघू पिंजऱ्यात असला तरी बाहेरचा दिवस त्याला कळतोच.

पण एक स्पष्ट लिहिते, मनाला लावून घेऊ नका. आपला पोपट, म्हणजे कीर, पहाडी, तुईया, हे भारतीय पक्षी आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते पाळणं गुन्हा आहे. गावोगाव पिंजरे दिसतात म्हणून कुणाला वाटत नाही, पण ती सगळी पिल्लं ढोलीतून काढून आणलेली असतात. हे वाचून उद्या पिंजऱ्याचं दार उघडून मोकळा मात्र करू नका, आठ वर्षं आयतं खाल्लेला पक्षी बाहेर दोन दिवस जगणार नाही. वनविभागाची १९२६ हेल्पलाइन आहे, तिथे विचारा किंवा जवळच्या बचाव केंद्राशी बोला.

पियू_ठाणे | ११ जून, रात्री १०:१०

आणि परदेशी पक्ष्यांचं पण, कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाव वगैरे साईट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत त्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते, २०२४ ला नियम आले. बंटीची आम्ही केलीये. कॉकाटिएल, बजरी (बजरीगार, छोटे रंगीत पोपट) ह्या यादीत नाहीत.

कुल्फीची_आई | १२ जून, रात्री ८:१५

सासूबाईंशी बोलायला मला फार धाकधूक होत होती, त्यांचा दिवसातला तोच एक तास आनंदाचा असतो. जेवताना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या जुन्नरजवळच्या खेड्यातल्या. ऐकून म्हणाल्या, "अगं म्हणजे ही खुडूक बसलीये! हे आधी सांगायचं नाही का." मग म्हणाल्या आमच्याकडे खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळायचे. मी घाबरले. कुल्फीला असं काही करायचं नाही ना?

आज ७ वाजता आतल्या खोलीत झोपवली. खूप ओरडली अर्धा तास. सासूबाई दाराबाहेर बसून होत्या.

रानपाखरू, नाशिक | १२ जून, रात्री ८:५०

नाही नाही, बुचकळायचं अजिबात नाही, नव्वद ग्रॅमचा जीव आहे, थंडीने आणि धसक्यानेच जाईल. पण खुडूक हा शब्द अगदी नेमका आहे, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. ओरडणं तीन-चार दिवस राहील, तेव्हा आत जायचं नाही, गेलात तर ओरडल्यावर कुणीतरी येतं हे ती शिकेल.

एडिसनकर | १३ जून, पहाटे ४:३०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे आफ्रिकन ग्रे आहे, आठ वर्षांची. इथे जूनमध्ये दिवसच पंधरा तासांचा, साडेआठला पण उजेड असतो, त्यामुळे आम्ही त्या खोलीला जाड काळे पडदे लावलेत आणि बारा तासांची रात्र स्वतः तयार करतो. ग्रे उशिरा वयात येतात, चार-पाच वर्षांनंतर, म्हणून आम्हाला वाटलं होतं आपला पक्षी शांत स्वभावाचाच आहे. मग अचानक लाँड्री बास्केट हे तिचं घर झालं आणि तिथून माझ्या मुलावर हल्ले. बास्केट गॅरेजमध्ये गेली, सहा आठवड्यांत फरक पडला. डॉक्टरांनी हार्मोनच्या इम्प्लांटचं पण सांगितलं होतं, आम्हाला गरज पडली नाही.

कुल्फीची_आई | १६ जून, दुपारी १२:२०

तातडीचं आहे. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी अंडं पडलेलं दिसलं, कवच कडक नाही, रबरासारखं मऊ. कुल्फी फुगून खाली बसलीये, दांडीवर चढत नाही, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होतेय. परवाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू का? कुणीतरी म्हणतंय पोटाला एरंडेल लावून हलकं दाबा.

रानपाखरू, नाशिक | १६ जून, दुपारी १२:२६

वाट बघू नकोस, आत्ता निघ. दाबू नकोस, तेल लावू नकोस, आत अजून अंडं असेल तर फुटेल आणि फुटलं तर ती वाचणार नाही. छोट्या खोक्यात टॉवेल, बाहेरून एका बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, अंगाला चिकटवायची नाही, म्हणजे जास्त गरम वाटलं तर तिला सरकता येईल. पंखा, एसी बंद. डॉक्टरांना रस्त्यातूनच फोन करून सांग, कॉकाटिएल, तिसरी खेप, मऊ कवचाचं अंडं, तळाशी बसलीये.

व्हेटवाली | १६ जून, दुपारी १२:५५

मी व्हेटच्या शेवटच्या वर्षाला आहे, वरचं सगळं बरोबर आहे. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: फुगून तळाशी बसणं, जोर लावणं, शेपूट हलणं, पाय लटके पडणं, ह्यातलं काहीही अंडी घालणाऱ्या मादीत दिसलं तर ती इमर्जन्सी, "संध्याकाळपर्यंत बघू" असं करू नका. मऊ कवच म्हणजे रक्तातलं कॅल्शियम कमी पडतंय, आणि स्नायू आकुंचन पावायला पण कॅल्शियमच लागतं, म्हणून त्याच पक्ष्याचं पुढचं अंडं अडकतं.

कुल्फीची_आई | १६ जून, रात्री ११:०५

आहे. ठीक आहे. आधी जवळच्या क्लिनिकमध्ये गेलो तिथे फक्त कुत्री-मांजरं बघतात, त्यांनी हात लावला नाही, मग तासभर ट्रॅफिकमधून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे. एक्स-रेमध्ये अजून एक अंडं दिसलं. कॅल्शियमचं इंजेक्शन, उबेच्या पेटीत ठेवली, साडेपाचला तिने स्वतःच घातलं. वजन ८१ भरलं, मार्चमध्ये ९४ होतं. मी खुर्चीत बसून त्या काट्याकडे बघत होते आणि मला सारखी ती टाकून दिलेली नऊ अंडी आठवत होती.

डॉक्टर म्हणाले हे उपाय करून थांबलं नाही तर हार्मोनचं इंजेक्शन किंवा कातडीखाली इम्प्लांट देता येतं, त्याचा परिणाम काही महिने टिकतो, पण ते घरच्या बदलांबरोबर, त्यांच्याऐवजी नाही. ऑपरेशन करून कायमचं थांबवता येईल का विचारलं तर म्हणाले कुत्र्या-मांजरासारखं पक्ष्यांत ते सरसकट करत नाहीत, धोका फार.

दुसरं अंडं पिंजऱ्यातच ठेवलंय. लाकडाची नकली ४ मागवलीत.

रानपाखरू, नाशिक | १६ जून, रात्री ११:१२

देव पावला. माझी चिंगी ह्याच ठिकाणी थांबली होती, मी सकाळपर्यंत वाट बघितली होती. झोप आता.

नकली अंडी आली की तिच्या अंड्याशेजारी ठेव. बसू दे तिला, ती साधारण वीस-एकवीस दिवस बसेल आणि मग स्वतःच सोडून देईल. घरट्याचा डबा मात्र द्यायचा नाही, तळाशी जिथे आहेत तिथेच. ह्या काळात दिवसातून दोन-तीनदाच उठेल आणि शी मोठी, घाण वासाची येईल, घाबरू नकोस.

पियू_ठाणे | २२ जून, संध्याकाळी ६:००

कुल्फीला खूप प्रेम. बंटीचं पण सांगते. वरचं सगळं आम्ही त्यालाही लावलं, आणि सगळ्यात मोठी चूक माझी निघाली, मी त्याला खांद्यावर केसांच्या आत बसू द्यायचे, तीच त्याची ढोली. आता खांदा बंद, हातावर किंवा काठीवरच. नवरा रोज दोन मिनिटं फक्त पिंजऱ्याजवळून जाताना सूर्यफुलाचा दाणा टाकतो आणि निघून जातो, हात पुढे करत नाही. बुबुळं बारीक-मोठी व्हायला लागली, शेपटीचा पंखा झाला, मानेवरची पिसं उभी राहिली की आम्ही आहोत तिथे थांबतो. आधी चावला की आम्ही दोघं जोरात ओरडायचो, त्याला ते भलतंच आवडत असणार. आता काही न बोलता खाली ठेवतो. पिंजरा दुसऱ्या भिंतीला नेला आणि आतल्या दांड्या बदलल्या, त्याने राखायची जागाच बदलली.

एक शंका, तो दांडीवर घासत बसतो, पाहुण्यांसमोर पण. ओरडू का?

व्हेटवाली | २२ जून, रात्री ९:४०

ओरडू नका, नैसर्गिक आहे. लक्ष न देता थोड्या वेळाने दुसरं काम द्या, मक्याचं कणीस, ओल्या शेंगा, बांबूच्या नळीत लपवलेला खाऊ. कागद फाडायला देऊ नका सध्या, विशेषतः ज्यांच्याकडे लव्हबर्ड मादी आहे त्यांनी, ती पट्ट्या कापून कमरेच्या पिसांत खोचते तेच तिचं घरट्याचं सामान. आणि बजरीवाल्यांसाठी: मादीच्या चोचीवरचा भाग तपकिरी खरखरीत झाला तर ती हंगामात आहे, पण निळा असलेल्या नराचा तपकिरी व्हायला लागला तर हंगाम समजून बसू नका, अंडाशयाच्या जागी वृषणात गाठ असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

व्हेटवाली | २२ जून, रात्री ९:४४

वर घाईत चुकीचं लिहिलं, नराला अंडाशय नसतंच, सरळ "वृषणात गाठ" असं वाचा.

कुल्फीची_आई | ९ जुलै, रात्री ७:५०

आज २३ वा दिवस. सकाळी कुल्फी अंड्यांवरून उठली, दांडीवर गेली आणि दिवसभर परत खाली गेलीच नाही. दोन दिवस वाट बघून काढते. वजन ८८. बारा तासांची रात्र आता आमच्या पण अंगवळणी पडली, लेक नऊला झोपायला लागली.

सासूबाई आता मांडीवर घेत नाहीत, पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून तिच्याशी बोलतात आणि शेवग्याची डहाळी हातात धरतात, ती एकेक पान तोडून खाते. त्या मला म्हणाल्या हात रिकामा रिकामा वाटतो गं. मला काय बोलावं सुचलं नाही.

डोंबिवलीकर_आजोबा | १० जुलै, सकाळी ८:३०

त्यांना सांगा डोकं आणि गाल खाजवायला पूर्ण परवानगी आहे. पिसं बदलायला लागली की नवीन पिसांच्या काड्या डोक्यावर येतात, त्या पक्ष्याला स्वतःला काढता येत नाहीत, तेव्हा ती स्वतःच मान खाली घालून मागेल.

कुल्फीची_आई | २२ ऑगस्ट, रात्री ८:४०

आजोबा, मागितली! पंधरा दिवसांपासून पिसं गळतायत, डोक्यावर सगळे काटे काटे झालेत, आणि काल तिने सासूबाईंसमोर तुरा पाडून मान खाली घातली. त्यांनी दोन बोटांनी हळूहळू सगळ्या काड्या मोकळ्या केल्या, अर्धा तास. लेकीच्या हातावर पण परत येते. चावणं जवळजवळ थांबलंय, सोफ्याकडे अजून बघते कधीकधी पण पुठ्ठा आहे. नवीन अंडं नाही. वजन ९३.

आता पुढची काळजी, बुधवारी गणपती बसतायत. दीड दिवसाचा असला तरी माणसं, लाइटिंग, रात्रीच्या आरत्या, धूप, आणि मोदकाचं सारण ती मागणार. मागच्या वर्षी मखराच्या मागे जाऊन बसली होती. काय करू?

रानपाखरू, नाशिक | २२ ऑगस्ट, रात्री ९:०५

धूप-कापूर पक्ष्याच्या फुप्फुसांना चालत नाही, तेवढ्या एका कारणासाठी पण तिला घरात ठेवू नकोस. ओळखीच्या कुणाकडे तिचाच पिंजरा, तिचीच साडी घेऊन पाठव, झोपायची वेळ तीच ठेवायची. तिथे नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका म्हणून सांग, त्या धुराने पक्षी मिनिटांत जातात. आणि कपाटं बंद.

कुल्फीची_आई | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे मागची बेडरूम रिकामी असते. आत्ता नेऊन ठेवली, साडी टाकली, पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब लावला. काकूंनी नॉनस्टिक तवा दोन दिवसांसाठी माळ्यावर टाकला. समुद्रफेन आणि काटा लेकीने वेगळ्या पिशवीत दिलाय, रोज सकाळचं वजन ती वर जाऊन लिहिणार आहे. पाच मिनिटं ओरडली, आता शांत आहे.